शिशाचा घट आणि त्याची निगा

शोधांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकाचें नांव व साल सांगून थांबतात. ती वस्तु पुढें ज्यांच्या घरीं गेली त्यांनीं ती कशी जपली, आणि ती बिघडली तेव्हां काय केलें, हें पान कोरेंच राहतें. वीज सांठविणाऱ्या शिशाच्या घटाच्या, म्हणजे व्यवहारांत आपण जिला नुसती बॅटरी म्हणतों तिच्या, बाबतींत हें कोरें पानच अधिक बोधप्रद आहे असें आम्हांस वाटतें.

इटलींतील व्होल्टानें १८०० सालीं जो विद्युत्स्तंभ प्रसिद्ध केला, त्यांतील धातु झिजली कीं वीजही संपे. रिता घट पुन्हा भरतां येईल, हें फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं व्यवहार्य करून दाखविलें. शिशाचे दोन पत्रे एकमेकांस न लागतील असे गुंडाळून सौम्य गंधकाम्लांत बुडवावयाचे, एवढेंच त्याचें साहित्य. पुढच्याच वर्षीं नऊ घटांची बॅटरी त्यानें फ्रेंच विज्ञान-अकादमीपुढें मांडली. परंतु नवे पत्रे वीज फारच थोडी धरीत. पुष्कळ दिवस ते पुन्हा पुन्हा भरावे व रिते करावे, तेव्हां त्यांच्या अंगीं सामर्थ्य येई. म्हणजे या घटाचा जन्मच मुळीं धीराच्या पोटीं झाला! पुढें १८८१ च्या सुमारास कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन हा कालावधि बराच कमी केला. त्याच सालीं फोरचे भरलेले घट पॅरिसहून ग्लासगोस सर विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे पोंचले, आणि वीज पेटींत घालून परगांवीं नेतां येते हें पाहून लोक थक्क झाले.

घटाच्या पोटांत काय घडतें याचा उलगडा ग्लॅडस्टन व ट्राइब यांनीं १८८२ सालीं केला. घट वीज देऊं लागला म्हणजे दोन्हीं पत्र्यांवर शिशाचें गंधकित बनतें व आम्ल पातळ होतें. भरतांना हाच व्यापार उलट होतो. म्हणून हायड्रोमीटर हा या घटाची नाडी पाहणारा वैद्यच होय. भरलेल्या घटांत आम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास असतें, तर रित्या घटांत तें १.१२ च्या जवळ येतें. गंधकित प्रथम बारीक व मऊ असतें. पण घट तसाच रिता ठेवला तर त्याचे स्फटिक वाढून कठीण होतात, आणि मग ते सहजासहजीं विरघळत नाहींत. घट मरतो तो बहुधा कामानें नव्हे, उपेक्षेनें.

हा धडा विद्वानांपेक्षां खेडुतांनीं अधिक चांगला गिरविला. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंतील दर दहा शेतकरी घरांपैकीं सुमारें नऊ घरीं विजेची तार पोंचलेली नव्हती. अशा घरांसाठीं चार्लस केटरिंग यांच्या कंपनीनें १९१६ सालीं ‘डेल्को-लाइट’ हा संच बाजारांत आणला : एक लहान एंजिन, एक डायनामो, आणि कांचेच्या बरण्यांतील सोळा घट, मिळून ३२ व्होल्ट. पुढें जेकब्स बंधूंच्या पवनचक्क्यांनींही असेच घट भरले जाऊं लागले. रात्रीं मुलांच्या पुस्तकावर पडणारा उजेड त्या बरण्यांतील पाण्याच्या पातळीवर अवलंबून होता. १९३५ सालीं सरकारनें ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें उघडलें. हळूहळू तारा आल्या आणि बरण्या अडगळींत गेल्या.

जेथें रोग तेथें जादूचें औषध विकणाराही यावयाचाच. ‘एडी-एक्स-टू’ नांवाचें एक चूर्ण घटांत टाकतांच मेलेला घट जिवंत होतो, अशी अमेरिकेंत जाहिरात झाली. त्यांत मुख्यतः सोडियम व मॅग्नेशियम यांचीं गंधकितें होतीं. राष्ट्रीय मानक-संस्थेनें कसोटी घेऊन तें निरुपयोगी ठरविलें. त्यावर बाजाराच्या कौलाकडे संस्थेनें दुर्लक्ष केलें असा आक्षेप घेऊन व्यापारमंत्री वीक्स यांनीं मार्च १९५३ मध्यें संस्थेचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचा राजीनामा मागितला. शास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली. अ‍ॅस्टिन यांस पदावर राहूं द्यावें लागलें, आणि राष्ट्रीय विज्ञान-अकादमीच्या समितीनेंही त्याच वर्षीं चूर्णांत कांहीं अर्थ नाहीं असा निर्वाळा दिला. तरी तें वापरून गुण आला असें सांगणारे सर्वच लोक खोटें बोलत होते असें आम्हांस वाटत नाहीं. चूर्णाबरोबर घटास जें सावकाश व पुरतें भरणें मिळालें असेल, त्याचेंच श्रेय बापडे चूर्णास देत असावेत.

कारण खरा जीर्णोद्धार तोच आहे. आजारी घट मंद प्रवाहानें दीर्घकाळ भरावा. मधून मधून सर्व घट समान पातळीस येईतों थोडें अधिक भरणें द्यावें. पाणी घालावें तें ऊर्ध्वपातितच, नळाचें नव्हे. आणि निम्म्याहून अधिक वीज सहसा काढूं नये. भरतांना हायड्रोजन वायु सुटतो, तो ज्वालाग्राही असल्यानें खोली हवेशीर असावी व जवळ दिवा नसावा. पण पत्र्यांवरील लेप गळून तळाशीं बसला असेल, किंवा आंतील जाळी कुजली असेल, तर कोणताही उपाय चालत नाहीं. अशा वेळीं घट घरीं फोडूं नये. शिसें हें विषच आहे, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा आघात कायमचा होतो. तो रीतसर कारखान्याकडेच जावा.

महाराष्ट्रांत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं भारनियमनानें हा घट पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत आणून बसविला. तारेपासून दूरच्या वाड्यावस्त्यांवर सूर्याची वीजही त्यांतच सांठविली गेली. आतां लिथियमचे घट त्याची जागा घेत आहेत. तरीही, दिवा लावणाराचें नांव इतिहासांत राहतें आणि तो रोज तेवत ठेवणाराचें राहत नाहीं, हा अन्याय या घटाच्या कथेंत फार स्पष्ट दिसतो. घरांतील जिन्याखालीं बॅटरी असेल त्या वाचकांनीं तिचें झांकण उघडून आज पाण्याची पातळी पाहिली, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.