राणीचा दंड आणि बाळाचं ताट

म्हैसूर शहरात चामराजपुरम नावाचं एक छोटं रेल्वे स्टेशन आहे. तिथून राजवाडा फार लांब नाही. आजची गोष्ट त्याच राजघराण्याची.

जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि ती लागली. हिंदुस्थानातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. तिच्या फोडातली लस मग एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी देशभर गेली. लोक मात्र बिचकत होते. १८०५ च्या सुमारास थॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या तीन स्त्रिया रंगवल्या. इतिहासकार नायजेल चान्सेलर यांच्या मते त्यातली एक म्हणजे तिसऱ्या कृष्णराज वडियारांची तरुण राणी देवजम्मणी. पदर सारून ती दाखवतेय तो लस टोचलेला दंड. राणीनं टोचून घेतलं, मग आपण का नको, असा त्याचा अर्थ.

पण राणीचं ताट भरलेलं होतं. ज्या बाळाचं ताट रिकामं, त्याचं काय?

लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख करून देणं. ती पटली की पेशी भराभर वाढून प्रतिपिंडं बनवतात. या कामात अ जीवनसत्त्वापासून तयार होणारं रेटिनॉइक आम्ल लागतं. १९९२ साली इंडोनेशियातल्या मुलांना आधी अ जीवनसत्त्व देऊन धनुर्वाताची लस टोचली, तेव्हा प्रतिपिंडं जास्त तयार झाली. पण १९९५ मध्ये तिथंच सहा महिन्यांच्या बाळांना गोवराच्या लसीबरोबर ते दिलं, तर आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असलेल्या बाळांमध्ये लसीचा परिणाम उलट कमी झाला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेला नऊ महिन्यांच्या भारतीय बाळांमध्ये फायदा दिसला. म्हणजे वयही महत्त्वाचं. आपल्याकडे गोवराच्या लसीसोबत १ लाख युनिटचा पहिला डोस मिळतो, तो नवव्या महिन्यालाच.

आणि म्हैसूर? याच घराण्याच्या चेलुवांबा विलास वाड्यात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथं शेंगदाण्याचं पीठ आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वं घालून, गरिबांसाठी स्वस्त पौष्टिक अन्न बनवलं गेलं.

एका पिढीनं दंड पुढे केला, दुसऱ्या पिढीचा वाडा ताटाच्या कामी आला. बाळाला या दोन्ही गोष्टी लागतात. पुढच्या वेळी लसीकरणाला जाल तेव्हा कार्डावर अ जीवनसत्त्वाचा रकानाही भरलाय ना, तेवढं बघा.