नाशिकचा कॅमेरा आणि न विचारता बदलणारं यंत्र

१९१२ च्या उन्हाळ्यात दादासाहेब फाळक्यांच्या हाती लंडनच्या विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पडला. जुळवून द्यायला कुणी मेकॅनिक नव्हता. सोबतच्या आराखड्यांवरून त्यांनी तो स्वतःच जुळवला. कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा छिद्रं पाडलेली नसत. ती पाडायचं यंत्र त्यांनी लंडनहूनच घेतलं होतं, आणि मिट्ट अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने फिल्म सरकवत हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. छिद्र जरासं सरकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरणार. मग कॅमेऱ्याची खरी परीक्षा म्हणून फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ चा.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १८७० साली तिथे जन्मले, पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, छपाईचे ब्लॉक बनवले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला आणले आणि १९४४ साली त्यांनी देह ठेवला तोही नाशिकलाच. फोटोग्राफरला आपलं यंत्र आतून-बाहेरून माहीत हवं, हा धडा या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे.

मात्र फाळक्यांच्या यंत्राचा एक गुण आजच्या यंत्रात उरलेला नाही. रात्री झाकून ठेवलेला कॅमेरा सकाळी जसाच्या तसा असे. बिघडला तर बिघाड दिसे, स्क्रू काढून आत डोकावता येई. बदल करायचा तर कधी आणि किती, हे मालक ठरवी.

रोलच्या जमान्यातही हे टिकून होतं. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री असो की परदेशातून कुणी आणून दिलेला एसएलआर, पावसाळ्यात लेन्सवर चढणारी बुरशी हा मोठा शत्रू, आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेला डबा हा त्यावरचा उपाय. २००३ चा नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा भरला तेव्हा हौशी मंडळींच्या कॅमेऱ्यात बहुतेक करून रोलच होता. त्याच ऑगस्टमध्ये कॅननने ३०० डी हा हौशी माणसाच्या आवाक्यातला डिजिटल एसएलआर जाहीर केला. त्यानंतर डार्करूमची जागा कॉम्प्युटरने घेतली.

घरातला तो कॉम्प्युटर बहुधा असेंबल केलेला, आणि त्यातलं विंडोज बऱ्याचदा विनापरवाना. मायक्रोसॉफ्टने अस्सलपणाची तपासणी सुरू केल्यावर, २००८ साली अशा एक्सपीचा डेस्कटॉप काळा पडू लागला. त्यात भारनियमन. अपडेट निम्म्यावर असताना वीज गेली की मशीन उठायचंच नाही. “अपडेट बंद करून ठेव,” हा सल्ला घरोघरी रुजला तो या दोन कारणांनी. त्यात आळस नव्हता, अनुभव होता.

आणि मग २०१५ उजाडलं. २९ जुलैला विंडोज १० आलं. बरोबर महिन्याने, २९ ऑगस्टला, नाशिकचं पहिलं शाहीस्नान होतं. जुन्या विंडोजच्या कोपऱ्यात फुकट अपग्रेडचं आमंत्रण सारखं डोकावत होतं आणि रामकुंडावरून परतणारे हौशी लोक हजारोंनी रॉ फाइली घेऊन घरी येत होते. नव्या विंडोजच्या होम आवृत्तीत घरगुती वापरकर्त्याला अपडेट कायमचं नाकारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. सत्ता मालकाच्या हातून सुटली ती इथे.

पर्वणी संपली आणि ऑक्टोबरमध्ये लाइटरूम या फोटो निवडण्या-सुधारण्याच्या प्रोग्रामचं नवं अपडेट आलं. नवख्यांना सोपं जावं म्हणून अडोबीने फोटो आत घेण्याची खिडकीच बदलली होती. काम झाल्यावर कार्ड आपोआप सोडवण्यासारख्या सवयीच्या सोयी गायब झाल्या आणि प्रोग्राम मधेच बंद पडू लागला. जगभरातून ओरड झाल्यावर कंपनीने जाहीर माफी मागितली आणि नोव्हेंबरमध्ये जुनी खिडकी परत दिली. कुंभाचे फोटो निवडायला बसलेल्या माणसाची ऐन दिवाळी मात्र यातच गेली.

त्याहून भयंकर घटना २०१८ ची. २ ऑक्टोबरला आलेल्या विंडोजच्या मोठ्या अपडेटने काहींच्या फाइलीच पुसून टाकल्या. सी ड्राइव्ह लहान म्हणून ‘पिक्चर्स’ फोल्डर डी ड्राइव्हवर वळवायचं, ही फोटोवाल्यांची नेहमीची पद्धत. वळवल्यानंतरही जुन्या जागी काही फाइली राहून जातात. अपडेटने त्या जुन्या फोल्डरला निरुपयोगी ठरवलं आणि आत काय आहे ते न पाहता उडवलं. चारच दिवसांत वितरण थांबलं, दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. चीड यावी अशी गोष्ट पुढेच आहे: चाचणी करणाऱ्या काही सामान्य वापरकर्त्यांनी हा दोष आधीच कळवला होता, पण तक्रारींच्या ढिगात तो दबून गेला.

म्हणून अपडेट टाळावं का? तर नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम पसरला आणि जेपीजी, पीएसडीसकट फाइलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते लावलं ते वाचले. अपडेट हवंच, तक्रार आहे ती त्याच्या वेळेबद्दल आणि न विचारता येण्याबद्दल.

अपडेटची झळ रोजच्या कामालाही लागते. नाशिककर फोटोग्राफरचा हिवाळा जातो नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पहाटे तिथल्या चापडगावला चक्रवाक टिपायचा आणि दुपारी घरी येऊन पाहावं तर त्याची नारिंगी पिसं पडद्यावर विटकरी दिसतात. कॅमेरा निर्दोष असतो. स्क्रीनचं कॅलिब्रेशन ग्राफिक्स कार्डात भरलेलं असतं. ड्रायव्हरचं अपडेट झालं की ते कधी कधी पुसलं जातं. प्रोफाइल पुन्हा लोड केलं की रंग ठिकाणावर येतो. डेव्हलप करताना लाइटरूम वारंवार अडकत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरचा वापर बंद करून पाहायचा. आणि मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी कॅटलॉगची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची, कारण नव्या आवृत्तीने बदललेला कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. नवा कॅमेरा घेतला तर पेच उलटा: जुन्या लाइटरूमला त्याच्या रॉ फाइली वाचताच येत नाहीत. तिथे अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर कामाला येतो.

पुढची अडचण तारीख ठरवून आली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१५ च्या कुंभासाठी घेतलेला लॅपटॉप त्यात बसत नाही. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, आणि जाहीर वेळापत्रकात सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे ३१ ऑक्टोबर २०२६ ला, म्हणजे अठरा दिवसांनी. पहिलं अमृतस्नान (पूर्वीचं शाहीस्नान) २ ऑगस्ट २०२७ चं. जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून फक्त फोटोंसाठी ठेवायचा, त्यावर लिनक्स आणि मोफत मिळणारं डार्कटेबल हे फोटो-सॉफ्टवेअर चढवायचं, की नवा घ्यायचा, हे आपापल्या खिशाप्रमाणे ठरेल. डार्कटेबल हाताला बसायला मात्र एक पक्ष्यांचा हंगाम तरी द्यावा लागतो, तेव्हा ते आजमावायचं असेल तर पहिला प्रयोग नांदूरमध्यमेश्वरच्या फाइलींवर करावा, रामकुंडाच्या नव्हे.