भाच्याची बॅग आणि तगरचा माल

माणसाची खरी ओळख त्याच्या पासबुकावरून पटते, असं मी बँकेत वीस वर्षं काढल्यावर छातीठोकपणे सांगत असे. गेल्या दिवाळीत हे मत मी मागं घेतलं. माणूस कळतो तो त्याची बॅग उघडल्यावर.

माझा भाचा पुण्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनीनं त्याला तीन महिने इटलीला धाडलं होतं. परतताना मुंबईला उतरला आणि रात्रीची गाडी धरून थेट आजोळी, आमच्या तलवाड्याला आला. टेकडीवरच्या त्वरितादेवीला त्यानं खालूनच हात जोडले आणि ओसरीवर बॅग टेकवली. आईनं मायेनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग बॅगेवरून फिरवला, आणि तो हात नाकाशी नेला.

"काय रे, काकवी सांडली का?"

भाच्यानं मला कोपऱ्यात घेतलं. बॅगेत लाल वाईनच्या दोन बाटल्या होत्या. आता एक होती. दुसरी आबांसाठी आणलेल्या लोकरी बंडीत शिरली होती.

आबा म्हणजे माझे वडील. गळ्यात तुळशीची माळ, दरसाल पंढरीची वारी. त्यांच्यासमोर आम्ही सोड्याची बाटलीसुद्धा हळू आवाजात फोडतो. त्यांच्या बंडीला फिरंगी वारुणीचा अभिषेक झालेला!

"मामा, सगळं नियमात आहे," भाचा म्हणाला. "बॅगेज नियमांप्रमाणं दोन लिटरपर्यंत सूट. माझी दीडच लिटर होती."

"मग हातातल्या पिशवीत आणायची!"

"ते 2006 सालीच बंद झालं. 100 मिलिलिटरच्या वरची पातळ वस्तू बहुतेक विमानतळांवर तपासणीतून आत सोडत नाहीत. सामानातच टाकावी लागते. प्रत्येक बाटली मोज्यात घातली, वरून पँट गुंडाळली, बॅगेच्या मधोमध ठेवली. पण सामान फेकणाऱ्यांना मधोमध म्हणजे काय, हे कुठं ठाऊक!"

मी कारकून माणूस. मला वेगळीच काळजी. विमानतळ सुटला, पण पुढं काय? आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून शाबूत आहे आणि त्यात पिणाऱ्याला परवाना लागतो. तो एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. आजन्म पिण्याचा परवाना हा मला सरकारी कागदांतला सर्वांत आशावादी कागद वाटतो.

रात्री जेवणं झाल्यावर भाचा कानकोंडा होऊन बसला होता. "आपल्या गावात असलं काही पहिल्यांदाच आलं असेल, नाही?" म्हणाला. तेव्हा माझ्यातला इतिहासकार जागा झाला. मी बी.कॉम. आहे. वाणिज्यवाल्याला इतिहासात दोनच प्रश्न सुचतात: काय आलं आणि काय गेलं?

तर ऐका. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं एक वही लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकानं नाव घातलेलं नाही; बहुधा आयकराची धास्ती असावी. कुठल्या बंदरात काय खपतं आणि काय मिळतं, याची ती चोख खतावणी आहे. बॅरिगाझा, म्हणजे भडोच, इथं उतरणाऱ्या मालाच्या यादीत पहिलंच नाव वाईनचं. अरबस्तानची चालते, लाओडिसियाची चालते, पण गिऱ्हाइकाची पसंती कुणाला? इटलीच्या वाईनला! राजासाठी तर खास उंची प्रतीची आणावी, अशी सूचनाही आहे.

तिचं सामान बांधणं भाच्यापेक्षा बरं होतं. अँफोरा नावाच्या दोन कानांच्या, बुडाला निमुळत्या मातीच्या कुंभांत ती भरत. झिरपू नये म्हणून आतून राळेचा थर, तोंडाला पक्कं बूच. एकेकात साधारण 26 लिटर माल. इजिप्तहून जुलैत जहाज सोडायचं, मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडायचा आणि नर्मदेच्या मुखाशी यायचं. तिथं भरती-ओहोटी इतकी अवघड की राजाचे कोळी होड्या घेऊन पुढं येत आणि जहाज ओढून आत नेत. एवढं करून कुंभ फुटले नाहीत असं नाही. अशा कुंभांची खापरं आपल्या नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. (भारतात सापडलेली बरीच खापरं रोमची नसून इराणी आखाताकडच्या घड्यांची आहेत, असं अलीकडं अभ्यासकांनी दाखवलं आहे. म्हणजे तेव्हाही लेबल पाहूनच घ्यायला हवं होतं.)

"पण ते भडोच आणि नेवासं. तलवाड्याचा काय संबंध?" भाच्यानं विचारलं.

त्याच वहीत पुढं दोन गावं येतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोदावरीच्या पलीकडं पैठण, अलीकडं आमचा गेवराई तालुका, आणि खाली तेर. नकाशावर पैठण-तेर पट्टीनं जोडा. रेघ बीड जिल्ह्यातूनच जाते. बैल काही पट्टीनं चालत नाहीत, तेव्हा ते तलवाड्याला पाणी प्यायले असतील, हा दावा मी सोडणार नाही.

इतका वेळ आबा भिंतीकडं तोंड करून निजले होते. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

"अन् जायचं काय रे इथून?" अंधारातून प्रश्न आला.

मी सांगितलं. पैठणहून अकीक, तगरहून कापड. जाडंभरडं भरपूर, शिवाय मलमलीचे प्रकार. सगळं बैलगाड्यांवर, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. हिशेब आपल्याच बाजूनं होता. त्यांची सोन्याचांदीची नाणी इथल्या नाण्यांशी बदलली की त्यावरही नफा सुटे, असं वहीत लिहिलंय. तिकडं प्लिनी नावाचा रोमन गृहस्थ कुरकुरत होता की हिंदुस्थान आमचे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

आबा उठून बसले. "तवा कापड जायचं. आता माणसं जात्यात," म्हणाले.

खरं होतं ते. दसरा झाला की आमच्याकडची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोयते घेऊन ऊस तोडायला जातात. त्या दिवाळीतही गल्लीतली कितीतरी दारं कुलूपबंद होती. आणि भाच्यानंही त्याच दिवशी आईला सांगितलं होतं की कंपनी त्याला कायमचं तिकडं बोलावते आहे. आबांनी तेही ऐकलं असणार. माळकऱ्याचे कान भजनानं तयार झालेले असतात.

आबांनी फडताळातून आपलं द्राक्षासव काढलं. रोज रात्री दोन चमचे, पचनासाठी. त्यातही द्राक्षंच आंबवतात आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. हे मला गेली कित्येक वर्षं माहीत आहे आणि मी ते मरेपर्यंत बोलणार नाही. औषध घेऊन त्यांनी त्या लाल डागाच्या बंडीकडं पाहिलं, ती नाकाशी नेली आणि म्हणाले, "वास वळखीचा हाय." आणि अंगात घातली.

निघायच्या दिवशी आईनं भाच्याची बॅग भरायला घेतली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. भाचा म्हणाला, "आजी, फुटंल गं."

आबांनी बरणी मागून घेतली. ज्या मोज्यात इटलीची बाटली आली होती त्याच मोज्यात ती घातली, वरून आपलं जुनं धोतर गुंडाळलं आणि बॅगेच्या मधोमध ठेवली.

"तगरचं कापड हाय," म्हणाले. "न्हाई फुटायची."