धायरी
पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्यालगतचे हवेली तालुक्यातील जुने गाव. ऑक्टोबर 2017 मध्ये ते पुणे महानगरपालिकेत आले आणि तेव्हापासून त्याचे शहर झाले, असे सहज म्हटले जाते. क्रम मात्र उलटा आहे. डीएसके विश्वसारखी मोठी वसाहत त्याआधीच उभी राहिली होती. शहर आधी आले, महापालिका मागून. ग्रामपंचायतीनेही सोयी दिल्याच होत्या, हा आक्षेप खरा. पण पाणी, सांडपाणी आणि रस्त्यांचा एवढा भार पेलणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. जुनी ओळख तरीही पुसलेली नाही: रायकर मळा, बेनकर वस्ती अजून पत्त्यांत आहेत. येथील मुख्य आकर्षण धारेश्वर महादेवाचे मंदिर. सिंहगड व खडकवासला धरण जवळच असल्याने पर्यटक धायरी फाट्यावरून थेट पुढे जातात, गावात क्वचितच वळतात.