नांदायला ये

सप्टेंबर १८८५. पाऊस ओसरत आलाय, पण ओव्हल मैदानाचा चिखल अजून वाळलेला नाही. पावलं सांभाळत तुम्ही हायकोर्टाच्या दारापाशी येता. इमारत पुरी होऊन जेमतेम सात वर्षं झालीत, दगडावर काळाची काजळी अजून धरलेली नाही. आत चला. आज सोमवार, २१ तारीख. न्यायमूर्ती पिन्ही निकाल देणार आहेत.

प्रकरण खुनाचं नाही, दरोड्याचं नाही. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. नवऱ्याचं म्हणणं इतकंच, की बायकोने नांदायला यावं आणि कोर्टाने तिला तसा हुकूम द्यावा.

नांदणं. हा शब्द जरा तोंडात घोळवून पाहा. आपण लग्नात तो आशीर्वाद म्हणून देतो, त्यात सुख आहे, भरलं घर आहे. इथे तोच शब्द दाव्याच्या कागदावर आलाय आणि त्याच्या मागे कोर्टाचा शिक्का उभा राहू पाहतोय.

निकालाआधी थोडं मागे सरकू या. जूनमधली एक रात्र, गिरगावातलं घर. दिव्याच्या उजेडात वीस वर्षांची एक मुलगी लिहीत बसली आहे. तिची आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. सुतार समाजात पुनर्विवाहाची मोकळीक होती, म्हणून तिने डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचा. शाळा सुटली ती तेव्हाच. ती वयात आल्यावर गर्भाधानाची घाई सुरू झाली, तेव्हा सखाराम अर्जुन आडवे उभे राहिले. कोवळ्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होतं. मुलगी माहेरीच राहिली, मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं आणून घरीच शिकत राहिली. दादाजीनेही शिकावं, अशी घरच्यांची अपेक्षा होती. तो शिकला नाही, मामाच्या घरी राहिला. एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन गेले आणि मुलीच्या डोक्यावरचं छत्र हरपलं.

तिच्या खांद्यावरून वाकून पाहा. ती ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्र लिहिते आहे, बालविवाहाबद्दल. खाली स्वतःचं नाव नाही, फक्त ‘एक हिंदू स्त्री’. बालविवाहाने मुलीची पहिली कोणती गोष्ट हिरावली जाते, तर शिकणं, हे तिला सांगायचं आहे. कारण तिचीही पहिली तीच गेली होती.

तिला काही सांगावंसं वाटेल तुम्हाला. सांगता येणार नाही. परत कोर्टात चला.

पिन्ही दावा फेटाळतात. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर पुन्हा काय सुरू करायचं, असा त्यांचा सवाल आहे. तिची इच्छा नसताना तिला गुरासारखं एखाद्याच्या हवाली करणं त्यांना क्रूर वाटतं. आणि ते आणखी एक गोष्ट दाखवून देतात, ती लक्षात ठेवा: हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून जहाजात बसून इथे उतरला. खुद्द इंग्लंडने आदल्याच वर्षी, १८८४ साली, नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलंय.

म्हणजे धर्म बुडाला म्हणून बाहेर जी ओरड सुरू होईल, ती परक्या मुलखातून आलेल्या एका कलमासाठी असेल. टिळकांचा ‘मराठा’ निकालाविरुद्ध लिहील. स्वराज्यासाठी पुढे तुरुंग सोसणारे टिळक या मुलीच्या बाजूने उभे राहिले नाहीत, हे वाचताना आजही जिवाला लागतं. सुधारक बेहरामजी मलबारी आणि काही इंग्रज-हिंदी मंडळी मात्र तिच्या पाठीशी उभी राहतात. न्यायमूर्ती होण्याआधीचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग तिच्या वकिलांत आहेत.

अपील होतं. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली १८८६ साली पिन्हींचा निकाल फिरवतात, प्रकरण पुन्हा खाली येतं.

आता मार्च १८८७. २६ फेब्रुवारीला पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या, वयाची बाविशीही गाठली नव्हती. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलेलं, मग फिलाडेल्फियाची डॉक्टरकी. ती बातमी ताजी असतानाच, ४ मार्चला, तुम्ही पुन्हा त्याच इमारतीत आहात. न्यायमूर्ती फॅरन हुकूम देतात: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंग.

रखमाबाईंचं उत्तर तुरुंग. नवऱ्याकडे जाणार नाही, शिक्षा भोगेन.

तेवीस वर्षांचीही नसलेली मुलगी हे म्हणते, तेव्हा तिच्यापुढे कुणाचा कित्ता नाही. बायकांनी कोर्टाला नाही म्हणायचं असतं, हे तिने कुठे पाहिलेलंच नाही. या सगळ्या प्रकरणात मला याहून मोठं काही दिसत नाही.

तुरुंग टळला. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजीने हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला निघाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी त्यांना वाट दाखवली होती.

त्या तिकडे शिकत असताना इकडे कलकत्त्यात काय घडलं, ते पाहायला मी तुम्हाला त्या खोलीत नेणार नाही. १८९०. फुलमणी दासी, दहा-अकरा वर्षांची, नवऱ्याच्या बळजबरीनंतर रक्तस्राव होऊन मेली. संमतीचं वय तेव्हा दहा होतं आणि तिने ते ओलांडलेलं, म्हणून बलात्काराचं कलमच लागलं नाही. १९ मार्च १८९१ रोजी ते वय बारा झालं. पुढे लग्नातल्या मुलीसाठी १९२५ साली तेरा, नंतर पंधरा. अठरा व्हायला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. दर पायरीसाठी किती मुली मोजल्या असतील!

रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरतेत आणि मग राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी सारी कारकीर्द घालवली. १९२३ साली नांदण्याच्या हुकुमामागचा तुरुंग कायद्यातून गेला, तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या.

आता मुंबई, १९५५. नव्वदी गाठलेल्या एका बाईच्या खोलीबाहेर तुम्ही उभे आहात. १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा लागू झालाय. घटस्फोट आला, बहुपत्नीत्व गेलं, मोठीच गोष्ट झाली. पण त्यातलं कलम ९ वाचा. जोडीदार सबळ कारणाशिवाय वेगळा राहिला, तर त्याने नांदावं असा हुकूम कोर्टाकडून मागता येईल. तोच दावा, आता स्वतंत्र भारताच्या संसदेने लिहिलेला. २५ सप्टेंबरला रखमाबाई गेल्या. इंग्लंडने हा दावा १९७० साली कायदा करून मोडीत काढला.

आपल्याकडे १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. अक्षराने तो नवराबायको दोघांसाठी आहे, बायकाही दावा लावतात. पण पोटगी मागितली की उलट टपाली ‘नांदायला ये’ची नोटीस यावी, हे वकिलांना नवं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं, की असा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी बंद होत नाही.

आज. वांद्र्याचं कौटुंबिक न्यायालय. बाकावर तुमच्या शेजारी एक मुलगी, मांडीवर प्लास्टिकची फाइल. तुम्ही वकील नाही, तरी ती कागद पुढे करते.

“ताई, नांदायला या असं लिहिलंय. पोलीस ओढून नेतात का हो?”

नाही, तुम्ही सांगता. कुणी ओढून नेऊ शकत नाही. तुरुंगही नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येते.

“मालमत्ता कुठंय माझ्याकडे,” ती म्हणते आणि कागद घडी घालून पुन्हा फाइलीत ठेवते. आतून पुकारा होतो. ती ओढणी सारखी करते आणि उठते.