शिशाची गोळी, तांब्याची गोळी आणि आपला गोठा

पोस्ट लांब आहे आणि विषयही आपल्याकडे कुणी फारसा न बोलणारा. पण धीर धरून वाचा, शेवटी तो आपल्या गोठ्यापर्यंत येतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. एवढीच बातमी वाचली की वाटतं, पक्षीप्रेमींनी आंदोलन केलं, सरकारने बंदी घातली, शिकाऱ्यांनी मान तुकवली. इतिहास तसा नाही. बंदीच्या तीस वर्षं आधी पर्याय बाजारात आला होता, आणि तो शिकाऱ्यांनीच स्वतःच्या गरजेपोटी घडवला होता.

आधी सांगून टाकतो, मी शिकारीचा समर्थक नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय जवळपास संपवला. तिकडे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरीण मारतात आणि त्याचं मांस घरी खातात. तो समाज जसा आहे तसा धरून पुढे जाऊ.

सुरुवात शिशापासून. शिसं जड, मऊ आणि घरच्या चुलीवर वितळणारं. ठासणीच्या बंदुकीत शेकडो वर्षं तेच चाललं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिए याने बिनधुराची दारू तयार केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. त्या वेगात उघडं शिसं नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना चिकटून राहायचं. त्यावरचा तोडगा स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन या लष्करी अधिकाऱ्याने त्याच सुमारास काढला होता : आत शिसं, वरून तांब्याचं कवच.

कवचाने नवीन भानगड केली. गोळी शरीरातून सरळ आरपार जायची. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश सैन्याने हीच तक्रार केली, आणि कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाचं शिसं उघडं ठेवलेली, आत गेल्यावर फुलणारी गोळी निघाली. तीच कुप्रसिद्ध ‘दमदम’. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं.

शिकारीचं गणित याच्या बरोबर उलटं. तिथे गोळी फुललीच पाहिजे, म्हणजे जनावर जागेवर कोसळतं. नाहीतर ते जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. चांगला शिकारी हे स्वतःला लाजिरवाणं मानतो. म्हणून शिकारीच्या गोळीचं टोक मऊ ठेवलं. पण वेग वाढला तसं हे मऊ टोक हाडावर आदळून फुटायला लागलं. गोळीचे तुकडे व्हायचे आणि ती खोल जायचीच नाही. १९४६ मध्ये कॅनडात मूस या भल्यामोठ्या प्राण्याच्या शिकारीत जॉन नॉस्लर यांना हाच अनुभव आला. त्यांनी गोळीच्या मध्ये तांब्याची भिंत घातली, म्हणजे पुढचं शिसं गेलं तरी मागचं टिकेल.

बार्न्स नावाच्या कंपनीचे रँडी ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकात याच्याही पुढे जाऊन विचार केला : फुटतं ते शिसं ना? मग शिसंच काढून टाकू. गोळी अख्खी तांब्याची, पुढच्या टोकाला भोक. आत शिरली की टोक उमलून चार पाकळ्या होतात आणि वजन जवळपास सगळं शाबूत राहतं. १९८९ च्या सुमारास ही ‘एक्स’ गोळी बाजारात आली. तेव्हा पर्यावरणाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

पहिली काही वर्षं ती बदनामच झाली. एका बंदुकीत छान लागायची, दुसरीत कुठेही जायची. कारणं साधी होती. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची सुमारे ८.९, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. शिवाय ती पुंगळीत जास्त जागा खाते, त्यामुळे आतला दाब बदलतो आणि शिशाच्या गोळीचं माप तिला चालत नाही. तांबं कडक, ते नळीला घासून थर सोडतं.

याची उत्तरं निघाली ती बरीचशी घराघरातल्या बाकड्यांवर. अमेरिकेत काडतूस घरी भरायची जुनी सवय आहे. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाशी नवी टोपी बसवायची, दारू सोनाराच्या तराजूसारख्या काट्यावर तोलायची, वर गोळी दाबायची. माप छापील पुस्तकातून घ्यायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग शंभर यार्डांवर कागद लावून तीन-पाच बार काढायचे आणि भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. या चिकाटीतून कळलं की तांब्याची गोळी एक पायरी हलकी निवडावी, कारण तिचं वजन गळून जात नाही आणि तिला फुलायला वेग लागतो. गोळी आट्यांपासून जराशी मागे बसवली तर बऱ्याच बंदुकांत नेम सुधारतो, हेही कळलं. कंपनीनेही २००३ मध्ये गोळीच्या अंगावर खाचा पाडल्या. घासणारा पृष्ठभाग कमी झाला आणि तक्रारी बऱ्याच मिटल्या.

आता गोष्टीत गिधाड येतं. कॅलिफोर्निया कॉन्डॉरचे पंख पसरले तर साडेनऊ फूट भरतात. १९८२ मध्ये असे फक्त २२ पक्षी उरले. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात प्रजननासाठी नेला. १९९२ पासून पिल्लं परत रानात सोडायला लागले, आणि ती पुन्हा मरायला लागली. मोठं कारण शिसं. शिकारी हरणाचं मांस नेतो, आतडी रानात टाकतो. २००६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हरणांचे आणि अशा आतड्यांचे एक्स-रे काढले. आतड्यांच्या २० पैकी १८ ढिगांत धातूचे कण सापडले. शिशाचा कण गिधाडाच्या जठरातल्या आम्लात विरघळतो, पचनसंस्था लुळी पडते, आणि पोटात अन्न असूनही पक्षी उपाशी मरतो. कॉन्डॉरची जोडी साधारण दोन वर्षांतून एक अंडं घालते. तिथे दोन-चार मृत्यूही परवडत नाहीत.

प्रश्न फक्त पक्ष्याचा राहिला नाही. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान आलेला हरणाचा खिमा फेकून द्यायला सांगितलं, कारण त्यात शिशाचे कण सापडले होते.

मग दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला. २००८ पासून कॉन्डॉरच्या प्रदेशात बंदी, २०१३ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा, २०१९ पासून पूर्ण अंमल. ॲरिझोनाने सक्ती केली नाही. २००५ पासून कायबॅब पठारावर शिकारीचा परवाना मिळालेल्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट द्यायला सुरुवात केली आणि एक्स-रे दाखवून समजावलं. पुढे तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त शिकाऱ्यांनी स्वखुशीने साथ दिली.

सगळं गोडगोड झालं असं नाही. तांब्याची काडतुसं महाग आहेत, सगळ्या मापांत मिळत नाहीत, आणि ‘शिशाच्या नावाखाली शिकारच बंद करायचा डाव आहे’ हा संशयही आहे. २०१९ नंतरही कॉन्डॉरना शिशाची विषबाधा होतेच. तरी आज रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून पाचशेहून जास्त कॉन्डॉर आहेत.

आता आपल्याकडे या. आपली गिधाडं गोळीने नाही, इंजेक्शनने मेली. गाई-म्हशींना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ मध्ये कारण उघड झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलॉक्झिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध त्याच वर्षी सिद्ध झालं होतं. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. ती पळवाट बुजवायला २०१५ उजाडलं, तेव्हा बाटली ३ मिलीपुरती मर्यादित झाली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं.

फरक कुठे पडला? कायदा आपल्याकडेही होता, पर्यायही होता. ॲरिझोनात पर्याय शिकाऱ्याच्या हातात नेऊन ठेवला, वापरून बघायला दिला, आणि तो हरणावरही तितकाच चांगला चालतो हे शिकाऱ्यांनीच एकमेकांना सांगितलं. आपल्याकडे राजपत्रात बंदी छापली आणि दुधाच्या धंद्यातल्या माणसापर्यंत कुणी गेलंच नाही. म्हैस तापाने फणफणलीय, दवाखाना लांब आहे, रात्रीचे नऊ वाजलेत. तेव्हा दुकानदार देईल तेच औषध जनावराला जातं. त्या माणसाला दोष देऊन गिधाड परत येणार नाही.

रायगडात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला अजून थोडी गिधाडं टिकून आहेत. म्हणून मागणी एकच. पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि दूध संकलन केंद्रात मेलॉक्झिकॅम स्वस्तात, कायम मिळालं पाहिजे, आणि बंदी असलेल्या औषधांची यादी मराठीत भिंतीवर लागली पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यात सध्या कुठलं वेदनाशामक देतात, एवढं विचारून या आणि खाली लिहा.