ग्रॅन्युलोमा, फुप्फुसातील

शरीरात शिरलेला जंतू किंवा परका कण नष्ट करता येत नसेल, तेव्हा रोगप्रतिकारक पेशी त्याला चहूबाजूंनी वेढून बनवतात ती सूक्ष्म गाठ. फुप्फुसातील असे ग्रॅन्युलोमा बहुधा कोणतेही लक्षण देत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, नोकरीसाठीचा छातीचा एक्स-रे, अपघातानंतरचा सीटी स्कॅन अशा निमित्ताने ते अचानक दिसतात. २०२०-२१ मध्ये कोविडसाठी मोठ्या संख्येने सीटी स्कॅन झाले. त्यातही अनेकांच्या अहवालात ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ हे शब्द आले. बेळगाव-निपाणी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात याला सर्रास ‘फुप्फुसावरचा डाग’ म्हणतात आणि या शब्दासरशी घरात क्षयाची किंवा कर्करोगाची भीती शिरते. बहुतेक वेळा ती निराधार असते.

रचना : भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण क्षयाचा जंतू त्यांच्या पोटातही तग धरतो. मग या पेशी रूप बदलून एकमेकींना घट्ट चिकटतात, काही एकत्र होऊन बहुकेंद्रकी महापेशी बनतात आणि भोवती लसिका पेशींचे कडे पडते. क्षयात गाठीचा मध्य मृत होऊन खव्यासारखा मऊ होतो. संसर्ग आटोक्यात आला की तिथे तंतू वाढतात आणि पुढे चुना, म्हणजे कॅल्शियम, साचतो. स्कॅनमध्ये ठळक पांढरा दिसतो तो हाच चुना. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, तर मुलांच्या फुप्फुसातील पहिल्या संसर्गाच्या जागेचे सविस्तर वर्णन आंटोन गॉन यांनी १९१२ मध्ये केले. ती जागा आजही ‘गॉन फोकस’ म्हणून ओळखली जाते.

कारणे : भारतात मुख्य कारण क्षयाचा जुना संसर्ग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये संसर्गाची खूण आढळली. संसर्ग म्हणजे आजार नव्हे. अशा व्यक्तींपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. अमेरिकेतील ओहायो व मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी अशा गाठींचे मोठे कारण आहे. सार्कॉइडोसिसमध्येही ग्रॅन्युलोमा होतात, पण त्यात छातीतील लसिका ग्रंथी सहसा दोन्ही बाजूंना वाढतात.

सीमाभागातील व्यवसाय : निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बुरशी लागलेल्या पानांची धूळ सतत श्वासात गेल्यास ॲलर्जीजन्य फुप्फुसदाह होऊ शकतो. त्यातील ग्रॅन्युलोमा अतिसूक्ष्म असतात. स्कॅनमध्ये एक ठळक ठिपका दिसण्याऐवजी दोन्ही फुप्फुसांत धूसरपणा दिसतो आणि रुग्णाला खोकला व धाप लागते. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत वाळूचे साचे वापरतात. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर वरच्या भागात अनेक गाठी होतात. हा सिलिकोसिस. त्यात भक्षक पेशी दुबळ्या होत असल्याने क्षयाचा धोकाही वाढतो. म्हणून आपण कोणते काम किती वर्षे केले, हे रुग्णाने डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

निदान : संपूर्ण गाठीत, मध्यभागी किंवा वलयांच्या रूपात साचलेला चुना निरुपद्रवी गाठीची खात्रीची खूण मानतात. कडेला एका बाजूस किंवा विखुरलेले ठिपके असतील तर अधिक तपास करावा लागतो. चुना नसलेल्या घन गाठीसाठी फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक सूत्रे वापरतात. गाठ ६ मिलिमीटरपेक्षा लहान आणि कर्करोगाचा धोका कमी असल्यास पुन्हा स्कॅन लागत नाही. ६ ते ८ मिलिमीटरसाठी ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन करतात. त्याहून मोठ्या गाठीसाठी ३ महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन किंवा बायोप्सी यांचा विचार होतो. ही सूत्रे ३५ वर्षांखालील व्यक्ती, कर्करोगाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना लागू नाहीत. सक्रिय क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये उजळते, त्यामुळे केवळ उजळण्यावरून कर्करोग ठरवता येत नाही.

उपचार : लक्षणे नसलेल्या, चुना साचलेल्या ग्रॅन्युलोमाला औषध लागत नाही. निव्वळ अहवालातील शब्द वाचून सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करणे चूक आहे. त्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी तातडीने करावी. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. भारतात विकसित झालेले ट्रूनॅट यंत्र जंतू आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला होणारा त्याचा प्रतिकार दोन्ही तपासते. मधुमेह, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतील तर जुन्या खुणेकडेही डॉक्टरांना वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

जुन्या फिल्मचे मोल : घन गाठ दोन वर्षे न वाढता तशीच राहिली, तर ती निरुपद्रवी असल्याचे मानतात. हे ठरवायला जुना एक्स-रे किंवा स्कॅन हाताशी असावा लागतो. निपाणी परिसरातील माणूस उपचारासाठी कधी कोल्हापूर, कधी मिरज, तर कधी बेळगाव गाठतो आणि त्याचे कागद दोन राज्यांतील दवाखान्यांत विखुरतात. छातीची प्रत्येक फिल्म व सीडी तारखेसह घरी जपून ठेवावी आणि पुढच्या तपासणीला सोबत न्यावी.